चोवीस मीटर

भद्रकालीत हकीमुद्दीनच्या दुकानाचा
आधी वास येतो, मग दुकान दिसतं.
काथ्या, अंबाडी, घासलेट, कुठेतरी एक उंदीर.
"गाय की म्हैस?" त्यानं मान वर न करता विचारलं.
"विमान," मी म्हणाले.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
"दुभतं?"

नाही. दोन माणसांपुरतं, आणि सध्या भाकड.
इंजिनाचा एक भाग यायचाय, महिना झाला येतोच आहे.
हँगर मोठ्यांनी अडवलाय
म्हणून आमची टिटवी आडगावापलीकडे
धावपट्टीच्या कडेला उघड्यावर उभी,
धरणाकडच्या वाऱ्याला तोंड देऊन.
ब्रेक लावलाय, चाकांना लाकडी ठोकळे आहेत,
पण पंखांना हे कोणी सांगितलेलं नाही.
समोरून वारा आला की त्यांना वाटतं, निघालो.

निळा दोर त्यानं आधी काढला. स्वस्त.
द्राक्षवाले मांडवाला नेतात.
मी नखानं खरवडून पाहिला.
असलाच दोर गेल्या मे महिन्यात
माझ्या मुठीत भुसा होऊन आला होता,
ऊन खातं याला.
काथ्याही नको. भिजला की आखडतो,
आणि आखडलेला दोर रात्रभर पंख खाली ओढत बसतो.
गांगुर्डेकाकांनी ते पाहिलंय, तरुणपणी, दुसऱ्या एका मैदानावर:
वादळ येऊन गेलेलं, सगळं शांत,
आणि पंखाच्या पोटातली कडी मुळासकट बाहेर.
सांगताना ते मूठ उघडून दाखवतात.
दर वेळी मी मुठीत बघते.

मग नारिंगी पट्टे, ट्रकवाल्यांचे, दांडीचे.
खरं सांगते, मला ते आवडले.
कट्, कट्, कट्. काम झाल्याचा आवाज.
पण त्या दांडीवर हात थांबत नाही,
अजून एक कट्, अजून एक,
आणि आतला कणा कधी वाकला ते कळतही नाही.
"कांद्याला ठीक आहे," काका म्हणाले होते,
"कांद्याला उडायचं नसतं."

साखळी मीच नको म्हटली.
झटका ती गिळत नाही, पुढे ढकलते.

शेवटी पांढरा नायलॉन, तीन पेडी, करंगळीहून जाड.
हकीमुद्दीननं एक टोक खांबाला बांधलं,
दुसरं माझ्या हातात दिलं. "ओढा."
मी ओढला. तो थोडा आला.
अजून ओढला. नाही आला.
"हा आधी ऐकून घेतो," तो म्हणाला,
"मग आपलंच करतो."
चोवीस मीटर. टोकं मेणबत्तीवर वितळवून दिली.

संध्याकाळी बांधली: दोन पंखांना, एक शेपटाला,
दोर तिरके, जमिनीतल्या कड्यांपर्यंत.
"गाठ अशी मार की सकाळी दाताविना सुटावी.
आणि दोन बोटं ढील ठेव."
कुणाची बोटं, मी विचारलं.
काकांची जाड आहेत, कारखान्यातली.
ते विचारात पडले. मग म्हणाले, "तुझी."

रात्री दीडला वळवाचा वारा सुटला.
शेजारचा पत्रा रस्ताभर गडगडत गेला.
मी चप्पल घालून दारात उभी राहिले,
जाणार कुठेच नव्हते.

सकाळी ती होती.
पंख्यात कुणाच्या तरी बागेचं हिरवं जाळं अडकलेलं,
डावं चाक ठोकळ्यावर अर्धं चढून राहिलेलं.
डावा दोर किंचित लांबलेला,
उजव्यावर दवाखेरीज काही नाही.
काकांनी गाठ सोडून पाहिली, बोटांनी,
आणि काही न बोलता परत मारली.

महिन्याअखेरीस हिशेबाच्या पिंगळेबाईंनी
बिल परत पाठवलं.
त्यावर हकीमुद्दीनचं अक्षर: गुरांचा दोर, पांढरा, २४ मी.
खाली लाल शाईत: संस्थेकडे गुरे किती? संख्या लिहावी.

लिहिली.
एक.
दोन बोटं ढील ठेवून बांधलेली.